रीबूटनंतर ‘रिकव्हरी पेंडिंग’मध्ये अडकलेले कॉम्प्रेस केलेले डेटाबेस

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर २०१९ ही मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रणाली चालते. डेटाच्या ड्राइव्हवरची जागा संपत आली होती, म्हणून पॅचिंगसाठी एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस बंद असताना कोणीतरी त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जागा वाचवण्यासाठी कॉम्प्रेस करण्याची चौकट निवडली. त्यानंतर सर्व्हर रीबूट झाला आणि सर्व्हिसही नीट सुरू झाली, परंतु अकरापैकी तीन डेटाबेस मॅनेजमेंट स्टुडिओ या त्याच्या व्यवस्थापनाच्या साधनात ‘रिकव्हरी पेंडिंग’ असे दिसत आहेत. सर्व्हिस दोनदा पुन्हा सुरू करूनही फरक पडलेला नाही. एका सहकाऱ्याने डेटाबेस डिटॅच करून (म्हणजे फाइली तशाच ठेवून एसक्यूएल सर्व्हरपासून सोडवून) पुन्हा अटॅच करण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का, असे विचारले आहे.

तो सल्ला मानू नये. या अवस्थेतला डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर डिटॅच करूच देत नाही. ३७०७ क्रमांकाची चूक दाखवून ‘दुरुस्त करा किंवा ड्रॉप करा’ असे सांगतो, आणि घाईत असलेला माणूस त्यातला दुसरा पर्याय निवडतो. खरा अनर्थ तेथे होतो. काही जण सर्व्हिस बंद करून ट्रँझॅक्शन लॉगची, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, फाइल बाजूला काढतात आणि उरलेली डेटा फाइल अटॅच करू पाहतात, तेही तितकेच धोक्याचे आहे. कारण डेटाबेस स्वच्छपणे बंद झालेला नसेल तर लॉगशिवाय तो सुसंगत अवस्थेत आणता येत नाही. कारण निश्चित होईपर्यंत मूळ फाइलींना हात लावायचा नाही, त्यांचे नाव बदलायचे नाही आणि त्या हलवायच्या नाहीत, एवढे पथ्य पाळले तर या प्रकारात डेटा सहसा सुखरूप परत मिळतो.

असे म्हणण्याचे कारण ‘रिकव्हरी पेंडिंग’ या अवस्थेतच आहे. रिकव्हरी म्हणजे सुरू होताना लॉग वाचून डेटाबेस सुसंगत करण्याचे काम. ‘सस्पेक्ट’ ही दुसरी अवस्था म्हणजे रिकव्हरी सुरू झाली आणि मध्येच अशी काही अडचण आली की ती पूर्ण होऊ शकली नाही. तेथे डेटाचे पान किंवा लॉग बिघडलेला असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. ‘रिकव्हरी पेंडिंग’ म्हणजे रिकव्हरी अजून सुरूच झालेली नाही, कारण तिच्यासाठी लागणारे काहीतरी, बहुतेक वेळा एखादी फाइल, एसक्यूएल सर्व्हरला उघडता आलेली नाही. ‘सस्पेक्ट’मध्ये डेटावर शंका घ्यावी, ‘रिकव्हरी पेंडिंग’मध्ये आधी फाइलपर्यंतच्या वाटेवर घ्यावी. एक तिसरी अवस्था ‘इन रिकव्हरी’ ही आहे आणि तिला बिघाड समजण्याची चूक फार वेळा होते. मोठा व्यवहार (ट्रँझॅक्शन) अर्धवट असताना सर्व्हर बंद झाला असेल तर विश्लेषण, रीडू (नोंदलेले बदल पुन्हा करणे) आणि अनडू (अर्धवट व्यवहार मागे घेणे) हे तीनही टप्पे पार पडायला वेळ लागतो. एररलॉगमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर आपले संदेश आणि चुका लिहितो त्या फाइलीत, किती टक्के काम झाले आणि अंदाजे किती सेकंद उरले हेही लिहून येते. अशा वेळी ‘अडकले वाटते’ म्हणून सर्व्हिस पुन्हा सुरू केली की ते सारे काम पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून सुरुवात एररलॉगपासून करावी, आणि तीही सर्व्हिस आणखी एकदा सुरू करून पाहण्याच्या आधी. प्रत्येक वेळी सर्व्हिस सुरू झाली की एसक्यूएल सर्व्हर नवा एररलॉग उघडतो आणि जुना एक क्रमांक मागे सरकवतो. मूळ मांडणीत चालू लॉगखेरीज सहाच जुने लॉग ठेवले जातात. म्हणजे ‘एकदा रीस्टार्ट करून बघू’ हा प्रयोग सात वेळा केला की रीबूटनंतरच्या पहिल्या सुरुवातीची नोंद कायमची पुसली जाते, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते. तुमच्याकडे सर्व्हिस दोनदाच पुन्हा सुरू झाली आहे. त्यामुळे दोन क्रमांक मागचा लॉग उघडला तर मूळ नोंद सापडेल. त्या फोल्डरमधले सगळे लॉग आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवावेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली सिस्टीम आणि ॲप्लिकेशन या दोन्ही विभागांतली त्या अर्ध्या तासाची नोंदही सोबत जतन करावी.

तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून एररलॉगमध्ये ५११८ ही चूक सापडेल असा माझा अंदाज आहे. तिचा आशय असा असतो की ही फाइल कॉम्प्रेस केलेली आहे, पण ती केवळ वाचण्यापुरत्या डेटाबेसमध्ये किंवा फाइलग्रुपमध्ये (डेटाबेसच्या फाइलींच्या गटात) नाही, त्यामुळे ती डीकॉम्प्रेस करावी लागेल. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून विंडोजच्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेच्या कॉम्प्रेशनवर ठेवलेला डेटाबेस चालतो, परंतु तो रीड-ओन्ली असला पाहिजे, किंवा कॉम्प्रेस केलेला भाग हा रीड-ओन्ली केलेला दुय्यम फाइलग्रुप असला पाहिजे. ज्यात लिहिले जाते अशा डेटाबेसचा प्राथमिक फाइलग्रुप आणि ट्रँझॅक्शन लॉग कॉम्प्रेस केलेला चालत नाही. हा नियम उगीच केलेला नाही. एसक्यूएल सर्व्हर ८ केबीच्या पानांत लिहितो आणि लॉगमधली नोंद डिस्कवर पक्की झाल्याखेरीज व्यवहार पूर्ण झाला असे मानत नाही. एनटीएफएस मात्र नेहमीच्या ४ केबीच्या क्लस्टरवर सोळा क्लस्टरचा, म्हणजे ६४ केबीचा, एक गठ्ठा धरून कॉम्प्रेस करते. त्यातले एक पान बदलले तरी गठ्ठ्याची लांबी बदलू शकते आणि तो डिस्कवर दुसरीकडे न्यावा लागतो. शिवाय अशा फाइलींवरचे असिंक्रोनस लेखन प्रत्यक्षात सिंक्रोनस होऊन जाते. एकीकडे वेग कोसळतो आणि दुसरीकडे वीज गेल्यावर काय लिहिले गेले होते याची हमी राहत नाही. म्हणून एसक्यूएल सर्व्हर अशी फाइल उघडायलाच नकार देतो.

मग हे रीबूटनंतरच का उघडकीला येते? एसक्यूएल सर्व्हर चालू असताना त्याने फाइली अशा रीतीने धरून ठेवलेल्या असतात की विंडोजला त्या कॉम्प्रेस करता येत नाहीत. फाइल वापरात असल्याचा संदेश येतो, आपण ‘सगळ्यांकडे दुर्लक्ष करा’ दाबतो आणि काम झाले असे समजतो. फाइली मोकळ्या सापडतात त्या सर्व्हिस बंद असताना, किंवा एखादा डेटाबेस ऑफलाइन असताना. तिसरी एक वेळ सहज ध्यानात येत नाही: ज्या डेटाबेसचा ऑटो क्लोज हा पर्याय चालू आहे, त्याचा शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की फाइली सुटतात. एक्सप्रेस आवृत्तीत तयार होऊन पुढे स्टँडर्डवर आणलेल्या डेटाबेसांमध्ये हा पर्याय चालूच राहिलेला अनेकदा आढळतो. म्हणजे कॉम्प्रेशनचे काम आधी झालेले असते आणि फाइल पुन्हा उघडण्याची वेळ पुढे केव्हातरी येते. मधल्या काळात सगळे सुरळीत दिसते आणि दोष पॅचच्या माथी मारला जातो.

अकरापैकी तीनच का, याचेही उत्तर बहुधा यातच आहे. मोठ्या ड्राइव्हचे कॉम्प्रेशन तासन्‌तास चालते. ते अर्ध्यावर असताना रीबूट झाला असेल तर जेवढ्या फाइलींपर्यंत ते पोहोचले तेवढ्याच अडकल्या. म्हणून उरलेले आठ डेटाबेस सुरू आहेत याचा अर्थ तुमचा फोल्डर निर्दोष आहे असा घेऊ नये. फोल्डरवर कॉम्प्रेशनचा गुणधर्म लागलेला असेल तर तेथे निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल तो उचलते. उद्या तेथे नवा डेटाबेस तयार करायला गेलात किंवा बॅकअपमधून रिस्टोअर करू लागलात तर तीच चूक पुन्हा समोर उभी राहील.

खात्री करणे सोपे आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डेटाच्या फोल्डरमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा कोणत्याही स्विचशिवाय चालवावी. ती काहीही बदलत नाही, फक्त यादी देते: मूळ आकार, डिस्कवर व्यापलेली जागा, दोहोंचे गुणोत्तर आणि कॉम्प्रेस केलेल्या फाइलीच्या नावाआधी सी हे अक्षर. यादीच्या सुरुवातीला त्या फोल्डरमध्ये येणाऱ्या नव्या फाइली कॉम्प्रेस होतील की नाही हेही लिहिलेले असते, आणि ती ओळ वाचायचे राहून जाते. तीन डेटाबेसांच्या डेटा फाइली, लॉग फाइली आणि दुय्यम फाइली कोठे आहेत हे मास्टर फाइल्सच्या सिस्टीम व्ह्यूमधून पाहून प्रत्येक फोल्डर तपासावा. मास्टर, मॉडेल, एमएसडीबी आणि टेम्पडीबी यांचे फोल्डरही सोडू नयेत. मास्टरच कॉम्प्रेस झाला तर सर्व्हिस मुळात सुरूच होत नाही आणि ३४१७ ही चूक येते. ती पाहून अनेक जण सिस्टीम डेटाबेस नव्याने बांधायला किंवा एसक्यूएल सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करायला निघतात, जेव्हा फोल्डरवरची एक खूण काढणे पुरेसे असते.

आता दुरुस्ती. डीकॉम्प्रेस करायला जागा किती लागेल याचा हिशेब आधी करावा, कारण मुळात जागा नव्हती म्हणूनच हे घडले आहे. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये आकार ४०० जीबी आणि डिस्कवरचा आकार १५० जीबी दिसत असेल तर त्याच ड्राइव्हवर आणखी २५० जीबी मोकळे हवेत. तेवढी जागा असेल आणि फाइली लहान असतील तर ‘कॉम्पॅक्ट’ला यू हा स्विच देऊन त्या जागच्या जागी मोकळ्या करता येतात. मोठ्या फाइलींसाठी मी हा मार्ग टाळतो. कॉम्प्रेस होऊन पुन्हा मोकळी झालेली मोठी फाइल डिस्कवर अतोनात विखुरलेली असते. एनटीएफएसला एका फाइलीचे किती तुकडे सांभाळता येतात यालाही मर्यादा आहे, आणि ती गाठली गेली की लेखन करताना ६६५ ही ऑपरेटिंग सिस्टीमची चूक येऊ लागते.

त्याऐवजी दुसऱ्या, कॉम्प्रेशन नसलेल्या व्हॉल्यूमवर फाइलींची प्रत करावी, भले ती व्हॉल्यूम तात्पुरती जोडावी लागो. प्रत करताना नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये जाते त्याचा गुणधर्म घेते, त्यामुळे ती आपोआप मोकळीच उतरते, सलग उतरते आणि मूळ फाइल जशीच्या तशी मागे राहते. येथे एक बारकावा आहे: त्याच व्हॉल्यूमवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल हलवली तर ती जुना गुणधर्म सोबत घेऊन जाते, म्हणून ‘मोकळ्या फोल्डरमध्ये हलवले तरी ५११८ येतेच’ अशी तक्रार ऐकू येते. मोठ्या फाइलींसाठी रोबोकॉपी ही विंडोजची प्रत करण्याची आज्ञा जे आणि कॉपीऑल या स्विचसह वापरावी. पहिल्याने बफर न करता प्रत होते आणि दुसऱ्याने परवानग्याही सोबत जातात. परवानग्या राहिल्या तर ५११८ जाऊन तिच्या जागी ५१२० येते आणि तिच्या शेवटी ‘ॲक्सेस नाकारला’ अशा अर्थाची ऑपरेटिंग सिस्टीमची ५ क्रमांकाची चूक असते. ती दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस खात्याला त्या फोल्डरवर पूर्ण अधिकार द्यावेत.

प्रत झाल्यावर ऑल्टर डेटाबेसच्या मॉडिफाय फाइलने प्रत्येक फाइलीचा नवा पत्ता नोंदवावा आणि मग ऑल्टर डेटाबेस, सेट ऑनलाइन ही आज्ञा द्यावी. सर्व्हिस पुन्हा सुरू करण्याची गरज नाही; चालू असलेल्या आठ डेटाबेसांवरच्या लोकांना विनाकारण बाहेर काढू नये. तीनही डेटाबेस एकदम न करता सर्वांत लहान आधी करावा. ऑनलाइन आल्यानंतर डेटाबेसची सुसंगती तपासणारी डीबीसीसी चेकडीबी ही आज्ञा पूर्ण चालवावी, आणि निकाल निर्दोष आल्यावर लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्यावा. मूळ कॉम्प्रेस केलेल्या फाइली त्या बॅकअपची रिस्टोअर करून खात्री होईपर्यंत पुसू नयेत.

चेकडीबीत दोष निघाला तर मात्र हा प्रश्न वेगळ्या पातळीवर जातो. तेव्हा पहिली आज्ञा दुरुस्तीची नसून लॉगच्या उरलेल्या भागाचा बॅकअप घेण्याची असते, अर्थात लॉगचे बॅकअप घेऊ देणारे रिकव्हरी मॉडेल, सहसा फुल, असेल तरच. डेटाबेस सुरू होत नसला तरी नो ट्रंकेट पर्यायाने तो घेता येतो. त्यानंतर शेवटच्या चांगल्या बॅकअपपासून रिस्टोअर करावे. इमर्जन्सी मोड आणि डेटा गमावण्याची परवानगी देणारी चेकडीबीची दुरुस्ती हा बॅकअप नसलेल्याचा मार्ग आहे. तिच्या नावातच काय गमवावे लागेल ते सांगितलेले आहे. इंटरनेटवर ‘रिकव्हरी पेंडिंग’वर हाच पहिला उपाय म्हणून सर्रास दिला जातो, ही फार वाईट खोड आहे.

एररलॉगमध्ये ५११८ नसेल तर काय, याचाही विचार करून ठेवावा, कारण लक्षण तेच राहून कारण वेगळे असू शकते. १७२०४ किंवा ५१२० या चुका आणि त्यांच्या शेवटी ‘फाइल सापडत नाही’ अशी २, ‘मार्ग सापडत नाही’ अशी ३ किंवा ‘डिव्हाइस तयार नाही’ अशी २१ क्रमांकाची चूक दिसली, आणि आता पाहावे तर फाइल जागेवर नीट आहे, तर प्रश्न क्रमाचा आहे. डेटाबेसच्या फाइली एखाद्या कॉम्प्रेशन किंवा एन्क्रिप्शन करणाऱ्या बाहेरच्या उत्पादनाच्या थरावर, किंवा नेटवर्कवरून उशिरा जोडल्या जाणाऱ्या आयस्कझी डिस्कवर असतील, तर रीबूटनंतर एसक्यूएल सर्व्हर त्या थराच्या आधी जागा होतो. तो सुरुवातीला फाइल उघडून पाहतो, मिळाली नाही की डेटाबेस रिकव्हरी पेंडिंगमध्ये टाकतो आणि पुढे स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. अशा प्रकारात सेट ऑनलाइन दिले किंवा सर्व्हिस पुन्हा सुरू केली की डेटाबेस लगेच उभा राहतो. तुमच्याकडे दोनदा करूनही फरक पडला नाही, म्हणून मी हे कारण खाली ठेवतो.

त्यावरचा उपाय म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिसला त्या थराच्या सर्व्हिसवर अवलंबून ठेवणे. हे ‘एससी कॉन्फिग’ या आज्ञेच्या ‘डिपेंड’ पर्यायाने करतात. त्यात बरोबरच्या चिन्हानंतर मोकळी जागा सोडावी लागते, आणि दिलेली यादी जुन्या यादीत भर घालत नाही, ती जुनी यादी पुसून तिची जागा घेते. म्हणून आधी ‘एससी क्यूसी’ चालवून पूर्वीची अवलंबित्वे लिहून घ्यावीत. अर्थात ती सर्व्हिस चालू झाली एवढीच हमी यातून मिळते, तिच्यामागची व्हॉल्यूम जोडली गेली याची नाही. तेवढ्याने भागत नसेल तर एसक्यूएल सर्व्हरची सुरुवात ‘ऑटोमॅटिक, डिलेड’ करावी. मूळ मांडणीत हा विलंब सुमारे दोन मिनिटांचा असतो. फेलओव्हर क्लस्टर (एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो अशी जोडणी) असेल तर या दोन्ही गोष्टी सर्व्हिसवर न करता क्लस्टरमध्ये डिस्क रिसोर्सवरच्या अवलंबित्वातून कराव्यात. ऑपरेटिंग सिस्टीमची ३२ क्रमांकाची चूक, म्हणजे फाइल दुसऱ्याच प्रक्रियेने धरलेली, दिसली तर आधी अँटिव्हायरस आणि बॅकअपचे एजंट पाहावेत. एमडीएफ, एनडीएफ आणि एलडीएफ या फाइली स्कॅनमधून वगळलेल्या असाव्यात.

तिसरे एक कारण आजकाल कमी भेटते, पण जुना सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माहीत हवे. एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये रो आणि पेज कॉम्प्रेशन, म्हणजे टेबलातला डेटाच आतून आखडण्याची सोय, आले तेव्हा ते एंटरप्राइझ आवृत्तीपुरते होते, आणि २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ते इतर आवृत्त्यांनाही मिळाले. त्याआधीच्या स्टँडर्डवर असा डेटाबेस आणला तर ९०९ ही चूक येते: टेबल कॉम्प्रेस केलेले आहे, ही आवृत्ती तो डेटाबेस सुरू करू शकत नाही. दुर्दैव असे की ही तपासणी रिकव्हरीच्या शेवटी होते, म्हणजे कित्येक तासांचे रिस्टोअर शंभर टक्क्यांवर पोहोचल्यानंतर. मूळ सर्व्हरवर पर्सिस्टेड एसकेयू फीचर्सचा डायनॅमिक व्ह्यू आधी पाहिला तर हे एका क्वेरीत कळते. तुमच्या २०१९ वर ही अडचण येणार नाही.

उलट, ज्या जागेच्या टंचाईमुळे हे सारे घडले तिच्यावरचा योग्य उपाय तुमच्या आवृत्तीत आधीच आहे. ड्राइव्हवरचे आणि प्रत्येक डेटा फोल्डरवरचे कॉम्प्रेशन काढून टाकावे. मग सर्वांत मोठी टेबले शोधून कॉम्प्रेशनने किती वाचेल याचा अंदाज देणारी एसक्यूएल सर्व्हरची स्टोअर्ड प्रोसीजर त्यांच्यावर चालवावी आणि फायदा दिसेल तेथे इंडेक्स पेज कॉम्प्रेशनसह रीबिल्ड करावेत. जुन्या, क्वचित बदलणाऱ्या नोंदींच्या टेबलांवर हे चांगले साधते. ज्यांत रात्रंदिवस अपडेट चालतात तेथे रो कॉम्प्रेशनवर थांबावे, कारण पेज कॉम्प्रेशनचा भार सीपीयूवर पडतो. रांगेबाहेर साठवलेले मोठे मजकूर आणि प्रतिमा यांवर दोहोंचाही परिणाम होत नाही. रीबिल्ड चालू असताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रतींना जागा लागते, आणि ते संपल्यावरही डेटाबेसची फाइल स्वतःहून लहान होत नाही; मोकळी झालेली जागा फाइलीच्या आतच पुढच्या वाढीसाठी राहते. त्यामुळे ड्राइव्हवर लगेच जागा दिसली नाही म्हणून कोणी पुन्हा ती चौकट निवडू नये, हे सर्व्हरचे अधिकार असलेल्या सगळ्यांना आजच लेखी कळवावे.